पेट्यांना कळतं

शेवंता जंगम केबिनमध्ये बसली की बोलत नाही.
मागं बत्तीस पेट्या, दारांवर जाळी ठोकलेली,
आणि केळघरचा घाट उतरताना
तिचा कान मागच्या काचेला.
मेढ्यात चहाला थांबलो तेव्हा एवढंच म्हणाली,
"स्टेअरिंग थरथरतंय तुझं. पेट्यांना कळतं."

मला वाटत होतं, मलाच कळतंय फक्त.
दिवाळीपासून हेच:
ब्रेक दाबला की आधी पाय हलतो, मग हात,
मग डॅशबोर्डावरचा पालीचा खंडोबा मान डोलावतो.
त्या रात्री शेवटच्या वळणावर
चाकातनं अशी किंकाळी निघाली
की बत्तीस पेट्यांतनं एकच गुणगुण वर चढली,
आधण येताना पातेलं वाजतं तशी.

सकाळी गोडोलीत इलाही मुलाणीकडं चाक काढलं.
पॅड म्हणून उरलं होतं ते
चहात बुडून हातात राहिलेल्या बिस्किटाएवढं.
डिस्कवर निळे डाग, कडेला काठ,
मध्ये खोल, जुन्या पाट्यासारखी.
इलाहीनं व्हर्नियर लावला,
मग डिस्कच्या अंगावर कोरलेला आकडा
थुंकी लावून पुसला, मला दाखवला.
"याच्याखाली गेली की फेकायची.
गेल्या वर्षी आला असतास तर लेथवर घासून दिली असती."
गेल्या वर्षी मी नुसते पॅड बदलले होते,
साडेपाचशेचे,
पाकिटावर कंपनीचं नाव एका अक्षरानं चुकलेलं.

पोवई नाक्याजवळ गुंदेशांच्या काउंटरवर तीन डबे.
एक कंपनीचा, होलोग्रामवाला.
एक धातू मिसळलेला: तापला तरी धरतो,
ऊसवाले नेतात, पण कुरकुरतो आणि डिस्क खातो.
एक सिरॅमिक, मुका,
चाकावर काळी पूडसुद्धा बसत नाही,
"पण लोड घेऊन लांब उतार असेल तर
मी माझ्या भावाला देणार नाही," गुंदेशा म्हणाले.
"भरता काय गाडीत?"
"मधमाश्या."
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.
चाळीस वर्षांत आलं, कोंबड्या, देशी विटा,
एकदा तर अख्खा बँड ढोलासकट.
माश्यांसाठी पॅड कुणी मागितला नव्हता.

शेवंताला फोन लावला. मागं वारा होता.
"जो ओरडत नाही तो घे."
"आणि घाटात धरायचं काय?"
"मग जो धरतो तो घे," म्हणाली,
"आणि ओरडू नको म्हणून सांग त्याला."

गुंदेशांनी ते ऐकलं असावं.
कंपनीचा डबा पुढं सरकवला,
त्यावर पातळ पत्र्यांची एक पुडी ठेवली, ग्रीसची एक.
"ओरड पॅडची थोडी असते,
कोरड्या पिनांची जास्त.
हे पत्रे मागं बसवायला सांगा, लोक काढून फेकतात.
डिस्क जोडीनंच न्या,
एक नवी एक जुनी लावली तर गाडी एका अंगाला ओढेल."
आठ हजार दोनशे.
दोनशे सोडले. मी अजून शंभर मागितले,
त्यांनी पंखा बंद केला.

इलाहीनं पत्रे बसवले, पिना पुसल्या,
नव्या डिस्कचं तेल पेट्रोलनं धुतलं,
आणि हात पुसत म्हणाला,
"दोनशे किलोमीटर घाटाचं नाव काढू नको.
सपाटीला दाब, सोड. दाब, सोड.
दोघांची ओळख तर होऊ दे."

म्हणून आत्ता मी कोरेगाव रस्त्याला
रिकामी पिकअप घेऊन उगाच थांबतोय,
उगाच निघतोय.
आल्याच्या शेतातली माणसं बघतायत.
जळक्या वासाचा एक धागा येतो, जातो.
शनिवारी रात्री पेट्या खटावला न्यायच्यात,
तिथं कांद्याचे गोंडे फुललेत.

साठवरून वीसवर आणली,
खंडोबाची मान हलली नाही.
सवय होती ती.
मीच पुढं वाकून बोटानं एकदा हलवली.